बेक्सहिलमध्ये बिऱ्हाड मांडताना : वयस्कांच्या शांत गावात नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हेस्टिंग्ज आणि ईस्टबोर्न या दोन मोठ्या गावांच्या मध्ये, बेक्सहिल-ऑन-सी वसलेले आहे. ते ज्या रॉदर जिल्ह्यात मोडते, तेथे २०२१ च्या जनगणनेनुसार दर तीन माणसांमागे जवळजवळ एक माणूस पासष्ट वर्षांचे किंवा त्याहून मोठे आहे. निवृत्तीनंतर समुद्राकाठी राहायला यायचे ही या देशातली जुनी रीत, आणि त्या निवृत्तांची देखभाल करायला जी माणसे लागतात त्यांत आता आपलीही माणसे दिसू लागली आहेत. नर्स, फिजिओथेरपिस्ट, केअर होममधले कर्मचारी किंवा घरून काम करणारे संगणक अभियंते म्हणून जे कुटुंब इथे किंवा अशाच एखाद्या गावात येते, त्याला लंडन-लेस्टरमधल्या नातेवाइकांचे सल्ले अर्धेच उपयोगी पडतात. मी नगरचा, आणि गेली आठ वर्षे इथे राहतो. ज्या क्रमाने गोष्टी अडतात, त्याच क्रमाने त्या पुढे दिल्या आहेत.

१. घर पाहताना

घरांच्या संकेतस्थळांवर बेक्सहिल टाकले की समुद्रापासून पाच मिनिटांवरचे, लिफ्ट असलेले, नीटनेटके फ्लॅट नवल वाटावे इतक्या स्वस्तात दिसतात. हुरळून जाऊ नये. त्यांतले बरेचसे पंचावन्न किंवा साठ वर्षांपुढच्या रहिवाशांसाठी राखीव असतात, आणि ही अट जाहिरातीच्या अगदी तळाशी लिहिलेली असते. फोन करण्यापूर्वी ती शोधावी, म्हणजे एजंटाचा आणि आपला वेळ वाचतो.

भाड्याचे घर घेताना घरमालकाला तुमचा राहण्याचा हक्क तपासावा लागतो. त्यासाठी सरकारी संकेतस्थळावरून शेअर कोड, म्हणजे घरमालकाला तो हक्क ऑनलाइन पाहता येईल असा सांकेतिक क्रमांक, काढून ठेवावा. वर्षाचे भाडे ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही, आणि घेतलेले डिपॉझिट ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत जमा करून त्याची माहिती तुम्हाला द्यावीच लागते. समुद्रासमोरचे घर उन्हाळ्यात पाहिले तर फारच मोहक वाटते. पण जुन्या लाकडी खिडक्यांमधून जानेवारीचा वारा आत येतो आणि कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. घर पाहायला गेल्यावर त्याच कोपऱ्यात वाकून पाहावे. एजंटाला ते उद्धटपणाचे वाटत नाही.

२. पहिल्या आठवड्यातले कागद

कौन्सिल टॅक्सची, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या स्थानिक कराची, नोंदणी रॉदर जिल्हा कौन्सिलकडे करावी. घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते. रक्कम साधारणपणे दहा हप्त्यांत कापली जाते. बारा हप्ते हवे असल्यास तसे कळवावे.

जीपीकडे, म्हणजे परिसरातल्या सरकारी आरोग्य सेवेच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवताना पत्त्याचा पुरावा नाही म्हणून कोणी परत पाठवू लागले, तर तो पुरावा बंधनकारक नाही हे शांतपणे सांगावे. किरकोळ दुखण्यासाठी आधी फार्मसीत जावे, न समजणाऱ्या दुखण्यासाठी १११ ला आणि जिवावरच्या प्रसंगी ९९९ ला फोन करावा. गावात रुग्णालय असले तरी तेथे तातडीचा विभाग नाही. त्यासाठी हेस्टिंग्जचे कॉन्क्वेस्ट रुग्णालय किंवा ईस्टबोर्नचे रुग्णालय गाठावे लागते, आणि हे अंतर रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा आधीच माहीत असलेले बरे. सरकारी दरातला दंतवैद्य मिळणे फार कठीण आहे, म्हणून दातांची कामे भारतातच उरकून यावे. हिवाळ्यात सगळ्यांनाच, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना तर वर्षभर, रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सरकारी आरोग्य सेवा सुचवते. तो सल्ला मी पहिल्या वर्षी मनावर घेतला नाही आणि मार्चपर्यंत जिना चढताना गुडघ्यांनी त्याची आठवण करून दिली.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. येथे कायदेशीर परवानगीने राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, मतदार यादीत नाव घालता येते आणि पार्लमेंटपासून कौन्सिलपर्यंत सर्व निवडणुकांत मत देता येते. मतदान केंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. यादीत नाव असले की बँकेकडून कर्ज किंवा मोबाइलचा करार मिळणेही सोपे जाते.

भारतीय वाहन परवान्यावर येथे आल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते. परीक्षेच्या तारखा लवकर मिळत नाहीत, तेव्हा सहाव्या महिन्यातच तयारीला लागावे.

३. कचऱ्याचे डबे

या विषयाला स्वतंत्र पायरी दिल्याचे वाचून हसू येईल, पण अशा गावात तुमची पहिली पारख तुमच्या बिनवरून होते. साधा कचरा आणि पुनर्वापराचा कचरा वेगवेगळ्या डब्यांत आणि वेगवेगळ्या आठवड्यांत उचलला जातो. आपल्या रस्त्याचे वेळापत्रक कौन्सिलच्या संकेतस्थळावर पिनकोड घालून पाहावे आणि फ्रिजवर लावावे. डबा आदल्या संध्याकाळी बाहेर काढावा, मूठ रस्त्याकडे करून ठेवावा आणि रिकामा झाल्यावर त्याच दिवशी आत घ्यावा. तेलकट पिझ्झाचे खोके पुनर्वापराच्या डब्यात टाकू नये. दह्याचे डबे धुऊन टाकावेत.

पहिल्याच महिन्यात मी चुकीच्या आठवड्यात चुकीचा डबा बाहेर ठेवून कामावर गेलो. संध्याकाळी परतलो तर डबा फाटकाच्या आत, भिंतीला लावून, मूठ भिंतीकडे करून ठेवलेला होता. शेजारच्या बाई, वय ऐंशीच्या पुढे, खिडकीत बसून शब्दकोडे सोडवत होत्या. त्यांनी वर पाहिले, मान किंचित हलवली आणि पुन्हा कोड्यात डोके घातले. त्यावर एक शब्द त्या दिवशी बोलला गेला नाही आणि नंतरही कधी नाही. पुढच्या आठवड्यापासून मी वेळापत्रक पाहणे सोडले आणि त्यांच्या दारात कोणता डबा आहे ते पाहू लागलो. आजवर चूक झालेली नाही.

४. गावाचे घड्याळ

सरकारी निवृत्तिवेतनाचे वय गाठलेल्यांना बसचा मोफत पास मिळतो; तो सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतरच चालतो. त्यामुळे सव्वानऊची बस रिकामी धावते आणि साडेनऊनंतरच्या पहिल्या बसमध्ये चाकांच्या पिशव्या, काठ्या आणि कुत्री यांनी मुंगी शिरायला जागा उरत नाही. घाई असेल तर आधीची बस पकडावी. घाई नसेल तर मात्र हीच बस घ्यावी, कारण गावात काय चालले आहे हे तिच्यात जितके कळते तितके वर्तमानपत्रात कळत नाही. ईस्टबोर्न ते हेस्टिंग्ज जाणारी ९९ क्रमांकाची बस बेक्सहिलमधून जाते.

मोठी दुकाने रविवारी कायद्याने सहाच तास उघडी राहू शकतात, आणि बहुधा चार वाजता बंद होतात. १९९४ चा हा कायदा नवख्याला पहिल्याच रविवारी दूध संपल्यावर कळतो. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास अंधार पडतो आणि सहाला रस्त्यावर चिटपाखरू नसते. रात्री मोठ्याने फोनवर बोलत चालू नये. आपला आवाज तिसऱ्या घरापर्यंत जातो, आणि मराठी कळत नसली तरी सुरावरून भांडण चालले आहे असा समज होतो.

लंडनला जायचे तर तिथल्या व्हिक्टोरिया स्थानकापर्यंत थेट रेल्वेगाडी सुमारे दोन तासांत नेते. ही गाडी ईस्टबोर्नला शिरते, तेथे थांबते आणि आल्या दिशेनेच परत निघते. ते स्थानक शेवटचे असल्याने गाडीला तोंड फिरवावेच लागते. नवे लोक येथे घाबरून उतरतात. उतरू नये.

५. बोलणे

रस्त्यात भेटलेला माणूस ‘ऑल राइट?’ म्हणतो तेव्हा तो तुमची प्रकृती विचारत नसतो. आपणही ‘ऑल राइट’ म्हणून पुढे जावे. ‘एकदा यायलाच हवे हं आमच्याकडे’ हे वाक्य तारीख आणि वेळ सांगेपर्यंत आमंत्रण नसते. पुण्यात वाढलेल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. आमंत्रण खरे असेल तर ‘गुरुवारी, साडेतीनला’ असे येते. त्या वेळी साडेतीनलाच जावे, साडेपाचच्या आत निघावे आणि जेवणाची अपेक्षा ठेवू नये.

आपली सर्वांत मोठी चूक नात्यांच्या हाकांमध्ये होते. वडीलधाऱ्या स्त्रीला आपण सहज काकू किंवा आजी म्हणतो आणि इंग्रजीत त्याचे ‘आँटी’ करतो. त्यात आपल्या मनात आदर असतो. ऐकणाऱ्या बाईंना मात्र आपले वय काढल्यासारखे वाटते. ओळख होईपर्यंत मिस्टर किंवा मिसेस आणि आडनाव असे संबोधावे. त्यांनी स्वतःहून ‘मला अमुक म्हणा’ असे सांगितले की नावाने हाक मारावी, मग तुमच्यात पन्नास वर्षांचे अंतर असले तरी. मलाच पहिले वर्षभर एका नव्वदीच्या गृहस्थांना नुसत्या नावाने हाक मारताना जीभ अडखळत असे. मुले दूर का राहतात, पेन्शन किती मिळते, दुसरे लग्न का केले नाही, हे प्रश्न विचारू नयेत. हवामान, बाग, आणि रेल्वे वेळेवर नसणे हे तीन विषय कधीही चालतात. कुत्रा सोबत असेल तर आधी त्याचे नाव विचारावे. धन्याचे नाव कळायला काही महिने लागले तरी बिघडत नाही.

अनेकांना कमी ऐकू येते आणि ते कबूल करायला आवडत नाही. आपली इंग्रजी मुळात वेगवान असते. समोर उभे राहून, ओठ दिसतील असे, सावकाश बोलावे, ओरडू नये.

६. एक जागा, एक वेळ

अशा गावात ओळख गप्पांनी होत नाही, तर एकाच ठिकाणी, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा दिसण्याने होते. म्हणून पाच ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी पाच वेळा जावे. वाचनालय, चर्चच्या सभागृहातला कॉफीचा कार्यक्रम (धर्म कोणी विचारत नाही), एगर्टन पार्कमधला बोल्सचा (हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याचा) खेळ, बेक्सहिल संग्रहालय, डेव्हनशर रोडवरचे एखादे चॅरिटी शॉप (दान आलेल्या जुन्या वस्तू धर्मादाय संस्थेसाठी विकणारे दुकान), यांतले काहीही चालेल. स्वयंसेवक म्हणून काम करायचे असल्यास आपल्या व्हिसाच्या अटी आधी पाहाव्यात. मी एका चॅरिटी शॉपमध्ये दर शनिवारी सकाळी पुस्तके लावायला जाऊ लागलो. पहिले सहा शनिवार हवामानाखेरीज कोणी काही बोलले नाही. सातव्या शनिवारी माझ्यासाठी चहाचा कप न विचारता आला.

बोलायला विषय हवा असेल तर गावाचा इतिहास वाचून जावे, कारण त्यात आपल्याही खुणा आहेत. स्पाइक मिलिगन हा विनोदी लेखक आणि नट येथल्या प्रत्येक वृद्धाला ठाऊक आहे. त्याचे रेडिओवरचे कार्यक्रम ऐकत ही पिढी वाढली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, तो तोफखान्यातला शिपाई म्हणून बेक्सहिलमध्ये होता. त्याचा जन्म मात्र १९१८ साली अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, आणि बालपण पुण्यातले. याच जिल्ह्यातल्या विंचेल्सी गावात त्याचे थडगे आहे, आणि ‘मी आजारी आहे असे सांगितले होते ना’ अशा अर्थाची ओळ त्यावर आयरिश भाषेत कोरलेली आहे. मी नगरचा आहे एवढे सांगून पूर्वी लोकांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. आता मी मिलिगनच्या गावचा आहे असे सांगतो, आणि पुढचा अर्धा तास मला काही बोलावे लागत नाही.

दुसरी खूण हरवलेली आहे. कूचबिहारचे महाराज नृपेंद्र नारायण प्रकृती सुधारावी म्हणून या भागात आले आणि सप्टेंबर १९११ मध्ये येथेच वारले. १९१३ साली त्यांच्या स्मरणार्थ किनाऱ्यावर पिण्याच्या पाण्याचे कारंजे उभारले गेले, आणि त्याच वर्षी त्यांचा मुलगा जितेंद्र याच्याशी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे यांचा विवाह झाला. कारंज्याच्या जागेवर पुढे डे ला वॉर पॅव्हिलियन ही काचेची आणि पोलादाची पांढरी इमारत झाली, जी १९३५ मध्ये उघडली आणि आजही गावाची शान आहे. कारंजे एगर्टन पार्कमध्ये हलवले गेले, १९६०च्या दशकात दुरुस्तीसाठी काढून ठेवले गेले आणि पुढे त्याचा पत्ताच लागला नाही. ते कुठे गेले असेल यावर प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा वेगळा सिद्धांत आहे. विचारून पाहावे.

७. स्वयंपाकघर

पीठ, डाळी, बेसन आणि बरेचसे मसाले मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. पोहे, साबुदाणा, गोडा मसाला यांसाठी लंडनची फेरी किंवा ऑनलाइन मागणी, हेच पर्याय आहेत. गुजराती मालाच्या पाकिटांवर पोह्यांना ‘पवा’ म्हटलेले असते हे लक्षात ठेवावे. फोडणी देण्याआधी स्वयंपाकघराचे दार लावावे, खिडकी उघडावी आणि पंखा चालू करावा, नाहीतर मोहरी तडतडण्याआधी धुराचा भोंगा वाजतो आणि इमारतीतल्या वृद्धांना थंडीत खाली उतरावे लागते. कोट स्वयंपाकघराजवळ टांगू नये.

शेजाऱ्यांना फराळ जरूर द्यावा, पण मोजका द्यावा आणि सोबत चिठ्ठीवर काजू, शेंगदाणे, साखर काय काय आहे ते लिहावे, कारण अनेकांना पथ्ये असतात. डबा धुऊन परत येतो. सोबत एक आभाराचे कार्डही येते, चार पावलांवर राहणाऱ्या माणसाने पाकिटात घालून, वर आपले नाव लिहून, लेटरबॉक्समधून टाकलेले. ते ठेवून द्यावे.

गणपतीला मन फार ओढ घेते. लंडनमध्ये डॉलिस हिल येथे १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे. वर्षातून एकदा तरी तेथे जाऊन यावे.

८. मदत, पैसा आणि मृत्यू

एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याचे पडदे दुपारपर्यंत उघडले नाहीत तर बेल वाजवावी. उत्तर नसेल आणि काळजी वाटत असेल तर पोलिसांच्या १०१ या क्रमांकावर कळवावे. कोणी पडलेले दिसले तर स्वतः उचलू नये, ९९९ ला फोन करावा. औषधे आणून देणे, दिवा बदलून देणे ही मदत करावी. मात्र कोणाचे बँकेचे कार्ड किंवा पिन कधीही हाती घेऊ नये, मग त्यांनी कितीही आग्रह केला तरी. केअर क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तर पन्नास पौंडांची भेटसुद्धा व्यवस्थापकाला सांगून नोंदवावी. आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी हातावर ठेवलेले नाकारणे हा अपमान मानतात. इथे ते गुपचूप घेणे नोकरी घालवू शकते.

मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करण्याची विनंती अशा गावात हमखास येते. सही करायला हरकत नाही, पण दोन्ही साक्षीदारांनी एकाच वेळी हजर असावे लागते, आणि त्या मृत्युपत्रात आपल्याला किंवा आपल्या जोडीदाराला काही ठेवले असेल तर साक्षीदार होऊ नये. १८३७ च्या कायद्यानुसार ती देणगी रद्द होते.

आणि माणसे जातात. आठ वर्षांत आमच्या छोट्या रस्त्यावरून चार जण गेले. आपल्या रीतीप्रमाणे त्याच दिवशी घरी धावून जाऊ नये. सांत्वनाचे कार्ड घ्यावे आणि छापील ओळींखाली त्या माणसाची एखादी खरी आठवण दोन वाक्यांत लिहावी. अंत्यविधी दोन-तीन आठवड्यांनी होतो, त्याची सूचना येते. ‘फुले फक्त कुटुंबाची’ असे लिहिले असेल तर फुले न नेता सांगितलेल्या संस्थेला देणगी द्यावी. गडद कपडे घालावेत, पण रंगीत घालून या असे लिहिलेले असेल तर तेच ऐकावे. नंतरच्या चहा-सँडविचला थांबावे. तेथे लोक हसतात, मृताच्या खोड्या सांगतात. पहिल्या वेळी मला ते फार खटकले. दुसऱ्या वेळी मीही एक सांगितली.

९. भारतात जाताना

पहिल्या सुट्टीला निघण्यापूर्वी शेजारी तारखा कळवाव्यात, हिवाळा असेल तर नळ गोठू नयेत म्हणून हीटिंग कमी अंशांवर चालू ठेवावे, आणि एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे द्यावी. किल्ली देणे येथे मोठी गोष्ट मानली जाते, घेणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही. येताना महागडी भेट आणू नये, अवघडल्यासारखे होते. चहाची साधी पुडी पुरते.

आम्ही पाच आठवड्यांनी नगरहून परतलो तेव्हा दारात पत्रांचा ढीग नीट लावलेला होता, फ्रिजमध्ये अर्धा लिटर ताजे दूध होते, आणि रिकामा बिन फाटकाच्या आत, मूठ भिंतीकडे करून उभा होता.